करंजकोंडच्या टाकीवरचा झोपाळू

बुद्धरत्न साळवी सव्वीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसात एकदाच झोपले, आणि नेमका तेवढ्यात कोणीतरी त्यांचा फोटो काढला. गेल्या वर्षीच्या मार्च अखेरची गोष्ट. तीन दिवस फाइलींशी झुंजून चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खुर्चीत मान मागे टाकली. सुट्टीत, हे ते अजूनही ठासून सांगतात. एक वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती आणि सुट्टी दोनपर्यंत असते. फोटोत तोंड जरा उघडं होतं आणि मागच्या भिंतीवर ‘तत्पर सेवा’ असा फलक होता, तो काढणाऱ्याने मुद्दाम चौकटीत घेतला होता. महाडहून निघून साळवी पोलादपूरला एसटी बदलेपर्यंत फोटो करंजकोंडच्या घराघरात पोचला होता.

तेव्हापासून झोप या विषयावर साळवींचं मत फार कडक झालं होतं. माणूस किती वेळ जागा आहे याला किंमत नाही, जागा असताना काय करतो याला आहे, असं ते न विचारता कोणालाही सांगत. ऐकणारा हसून मान हलवी आणि त्या हसण्यात फोटो असे.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण म्हणजे पुढे जे यंत्राचं रामायण झालं ते याच जखमेवर झालं. रामायणाला सुरुवात मात्र बनुआत्याच्या गुडघ्यापासून झाली.

आंबेनळीच्या रस्त्याला वर डोंगराच्या कुशीत करंजकोंड आहे. खाली मूळ गाव, वर साळवींची वाडी, आणि वाडीच्याही वर दोनशे अकरा पायऱ्यांवर झऱ्याच्या पाण्याची टाकी. ही टाकी फक्त वाडीची. ती होण्याआधी वाडीच्या बायका गावाच्या नळावर शेवटच्या असत. कितीही लवकर गेलं तरी शेवटचा नंबर कसा येतो, हे बनुआत्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. टाकी झाली तेव्हा व्हॉल्व्हच्या कुलपाची किल्ली आत्याने कनवटीला लावली आणि तिला आता तीस वर्षं झाली. व्हॉल्व्ह खाली वाडीत आहे, पण टाकीत पाणी किती ते वर चढूनच बघावं लागतं. अर्ध्याच्या खाली पाणी असताना व्हॉल्व्ह सोडला की नळीत हवा धरते आणि मग अर्धा दिवस नळ नुसते फुसफुसतात. म्हणून आत्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा वर जाऊन बघून येई आणि मगच किल्ली फिरवी.

यंदा फेब्रुवारीत तिचा गुडघा सुजला आणि मार्चच्या सभेत उपसरपंच प्रवीण यांनी अतिशय मायेने विषय काढला.

‘‘बनुबाईंचे हाल बघवत नाहीत,’’ प्रवीण म्हणाले. ‘‘किल्ली पंचायतीत ठेवू. आमचा माणूस वर जाईल, बघेल, पाणी सोडेल. म्हातारपणी त्यांना आराम.’’

प्रवीण माणसांना आराम देण्याच्याच धंद्यात होते. महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी त्यांनी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर चार खोल्यांचं होम-स्टे काढलं होतं, आणि त्याच्या पाटीवर निळ्याशार हौदात डुंबणारं एक कुटुंब रंगवलं होतं. त्या कुटुंबातल्या बाईचे पाय उलटे लागले आहेत असं वाडीतल्या पोरांचं म्हणणं होतं, पण तो वेगळा विषय आहे.

आत्याने कनवटीवर हात दाबून धरला. साळवींनी ते पाहिलं. ते उठले आणि विचार न करता बोलून गेले, ‘‘वर चढायची गरजच नाही. टाकीत पाणी किती आहे ते मी घरात बसून सांगेन. बॅटरीवरचं यंत्र बसवतो.’’

साळवी रविवारी घरात बसून डाळिंबाएवढे रेडिओ आणि आपोआप वाजणाऱ्या दारघंटा बनवतात, हे सगळ्यांना माहीत होतं. सभेत कोणीतरी म्हणालं, ‘‘यंत्र जागं राहील ना साळवी?’’ आणि सगळे हसले. साळवींचे कान तापले. शेवटी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तोड काढली. एक मेच्या ग्रामसभेपर्यंत मुदत. तोवर यंत्र चालून दाखवलं तर किल्ली आत्याकडे, नाहीतर पंचायतीकडे. घरी जाताना आत्या एवढंच म्हणाली, ‘‘बुद्धा, नाय जमलं तर आताच सांग रे. मी पाय ओढत चढंन, पन ही किल्ली नाय देनार.’’

‘‘जमणार,’’ साळवी म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि त्याचा फोटो अर्थातच कोणी काढला नाही.

आता बोर्ड निवडायचा. बोर्ड म्हणजे काड्यापेटीएवढी हिरवी पट्टी; तिच्यावर एक चिप असते, ती टाकीतल्या तरंगत्या गोळ्यांकडून पाणी किती ते विचारणार आणि बिनतारी निरोप खाली पाठवणार. असे बोर्ड बाजारात पन्नास तऱ्हेचे मिळतात. सामान्य माणूस त्यातला एक उचलतो. साळवी सरकारी माणूस. त्यांनी स्वतःच्या खिशातल्या खरेदीसाठी तीन दरपत्रकं मागवली, तुलनात्मक तक्ता आखला आणि त्यावर शेरा मारून स्वतःचीच सही केली. शर्मिलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो तक्ता फ्रिजवर पाहिला. त्या शाळेत शिक्षिका आहेत आणि चुका लाल शाईने दाखवायची त्यांना सवय आहे. ‘‘दिनांक राहिला,’’ एवढंच त्यांनी लिहिलं.

शेजारच्या मोरूला तक्ता वगैरे मान्य नव्हता. तो बारा वर्षं घाटकोपरला राहून आलेला, त्यामुळे त्याला सगळं डायरेक्ट लागतं. ‘‘डायरेक्ट वायफायवाला घे ना भावा,’’ तो म्हणाला. ‘‘टेन्शनच खल्लास. मोबाईलवर पाणी दिसंल.’’ साळवींनी मोहात पडून वायफायचा बोर्ड घेतला. पार्सलवाल्याने पोलादपूरच्या स्टँडवरून फोन करून ‘‘करंजकोंड नकाशात नाय’’ असं कळवलं, ते साळवींनी जाऊन आणलं आणि हातात बोर्ड धरून पायऱ्या चढायला लागले. एकशे चौदाव्या पायरीवर घराच्या वायफायने साथ सोडली. शिवाय तो बोर्ड खादाड इतका, की वर बसून नुसतं घराला हाका मारण्यात त्याने एका दिवसात सेल संपवला. साळवींनी तक्त्यात शेरा लिहिला: अपात्र.

मग ते महाडला हसनभाईंच्या दुकानात गेले. हसनभाईंनी अठरा वर्षं कुवेतला एसी दुरुस्त केले आणि आता बाजारपेठेत मोबाईलपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडून बसतात. ते गिऱ्हाईकाचं म्हणणं पूर्ण ऐकतात, मग चहा मागवतात, आणि चहा संपल्यावर ते कसं चुकलं ते सांगतात.

‘‘साळवीसाहेब, तुम्ही ताकदवान माणूस शोधताय,’’ हसनभाई म्हणाले. ‘‘बॅटरीच्या कामाला ताकदवान नको, झोपाळू पाहिजे. दर अर्ध्या तासाला उठेल, पाणी बघेल, एक निरोप टाकेल, परत झोपेल. जागेपणी किती खातो ते बघू नका. झोपेत किती खातो ते बघा.’’

साळवींनी चहाचा कप खाली ठेवला. सव्वीस वर्षांत कोणी त्यांना इतकं पटेल असं बोललं नव्हतं. त्यांनी खिशातून तक्ता काढून त्यात ‘झोपेतला खर्च’ असा नवा रकाना तिथल्या तिथे आखला. हसनभाईंनी लांब पल्ल्याच्या रेडिओचा एक बोर्ड दिला, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल दिला, आणि म्हणाले, ‘‘लावून बघा. चूक निघाली तर परत या. निघेलच.’’

बोर्ड टाकीवर चढवण्याआधी परवानगी हवी होती. साळवींनी सुरेख अर्ज लिहिला. तो भाऊसाहेबांनी त्रुटी काढून परत केला: सदर वस्तू विद्युत आहे की बिगरविद्युत? विद्युत असल्यास वीज विभागाचा ना-हरकत दाखला जोडावा. बिगरविद्युत असल्यास बॅटरीचे प्रयोजन काय? साळवींनी ती त्रुटी दोनदा वाचली. राग आला, पण काम पक्कं होतं, आणि एका कारकुनाने दुसऱ्याचं पक्कं काम मानायलाच हवं. वीज विभागाचा दाखला म्हणजे दिवाळी उजाडणार. साळवींनी रात्रभर विचार केला आणि अर्जात ‘यंत्र’ हा शब्द खोडून ‘घड्याळ’ लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो आणि त्याला कोणी दाखला मागत नाही. शिवाय ते दर अर्ध्या तासाला टोल देतंच. परवानगी दुपारच्या आत मिळाली.

चार एप्रिलला घड्याळ टाकीवर बसलं. पारदर्शक डबा, आत हिरवा बोर्ड, आणि बोर्डावर मोहरीएवढा लाल दिवा. घरात टीव्हीशेजारी दुसरा डबा, त्याच्या छोट्या पडद्यावर चारच शब्द आळीपाळीने यायचे: भरली, अर्धी, पाव, रिकामी. पण घरातल्या डब्याकडे कोणी बघायला आलं नाही. संध्याकाळ झाली की सगळी वाडी अंगणात येऊन वर टाकीकडे बघायची. झाडीत तो लाल ठिपका दिसला की बायका म्हणायच्या, ‘‘हाय गो, चालू हाय.’’ साळवींना भरून यायचं. त्यांनी शर्मिलाबाईंना सांगितलं की विज्ञान लोकांपर्यंत पोचलं.

पोचलं होतं ते वेगळंच. तिसऱ्या संध्याकाळी साळवींची एसटी कापडे गावाजवळ बंद पडली आणि शर्मिलाबाई शाळेच्या कामात गुंतल्या होत्या, त्यामुळे पडद्यावरचा शब्द सांगायला घरी कोणी नव्हतं. आत्याने अंगणातून वर पाहिलं. दिवा होता. दिवा आहे म्हणजे पाणी आहे, असं तिने आणि शेजारच्या प्रयागबाईने मिळून ठरवलं आणि व्हॉल्व्ह सोडला. टाकी पाव होती. नळीत हवा धरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाडीतले नळ फुसफुसत बसले.

‘‘आत्या, तो दिवा पाण्याचा नाही,’’ साळवी म्हणाले. ‘‘तो नुसता वीज आहे म्हणून लागतो.’’

‘‘मंग पान्याचा नाय तर लावलायस कशाला?’’ आत्या म्हणाली.

चौथ्या दिवशी तर दिवाच गेला आणि त्याच्याबरोबर सगळंच गेलं. सेल खलास. मोरूने लगेच डायरेक्ट सोलर सुचवलं. साळवींनी टाकीवर वहीएवढा सोलर पॅनल बांधला, तो दुसऱ्या दिवशी माकडांनी सोडून नेला आणि मोठ्या जांभळीवर बसून बराच वेळ त्यात तोंड पाहिलं. गावात बातमी पसरली की साळवींनी माकडांना आरसा दिला. प्रवीण वाटेत भेटले तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला. ‘‘साळवी, हौस म्हणून ठीक आहे हो. पण पाणी म्हणजे खेळ नाही.’’

हे मात्र साळवींना झोंबलं. महाडकडच्या माणसाला, त्यातून वीस मार्चला दरवर्षी न चुकता तळ्यावर जाणाऱ्या माणसाला, पाणी म्हणजे खेळ नाही हे या गृहस्थांनी शिकवावं. त्यांनी खांद्यावरचा हात उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘‘एक मेला भेटू.’’

महाडला हसनभाईंनी बोर्ड मीटरला लावला आणि चहा न मागवताच बोलले. ‘‘तुमची चिप झोपते, साळवीसाहेब. गाढ झोपते. पण हा दिवा रात्रंदिवस जागा आहे. चिप झोपेत खाते त्याच्या शेकडो पट हा खातो. काम काही नाही, नुसतं मी आहे, मी आहे करत बसतो.’’

साळवींना आपल्या ऑफिसातले दोघे-तिघे आठवले. ‘‘काढा त्याला,’’ ते म्हणाले.

हसनभाईंनी दिवा काढलाच, आणि मग तोही बोर्ड बाजूला ठेवून ड्रॉवरमधून तिसरा दिला. तो अगदी उघडाबोडका होता: चिप, रेडिओ, बस. ना दिवा, ना चार्जिंग, ना फुकट जागणारं दुसरं काही. दिसायला इतका गरीब की साळवींना तो पोलादपूरपर्यंत खिशातून काढून दाखवायची लाज वाटली. पण झोपेतल्या खर्चाच्या रकान्यात त्याने बाकी दोघांना पार झोपवलं. ‘‘पावसाळा काढेल,’’ हसनभाई म्हणाले. ‘‘पुढचाही काढेल.’’ तक्त्यात साळवींनी लिहिलं: पात्र, कारण सर्वाधिक झोपतो. खाली दिनांक घातला.

चौदा एप्रिलला वाडीत कोणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून पंधराला तो टाकीवर बसला. आणि वाडीत नवाच तंटा सुरू झाला. संध्याकाळी सगळे अंगणात आले, वर पाहिलं, आणि दिवा नाही.

‘‘मेलं वाटतं,’’ प्रयागबाई म्हणाली.

‘‘झोपलंय,’’ साळवी म्हणाले.

‘‘झोपलंय?’’ मोरू म्हणाला. ‘‘भावा, मग तुझंच हाय ते, शंका नाय.’’

साळवींनी ठरवलं, आता लाजायचं नाही. ज्याने विचारलं त्याला ते सांगू लागले, हो, झोपतं. झोपतं म्हणून टिकतं. तुम्ही सगळे जागे असता, तुम्ही काय करता ते सांगा. माणसं त्यांना टाळू लागली. घरातला डबा मात्र दर अर्ध्या तासाला शब्द टाकत होता आणि शर्मिलाबाई ते एका वहीत उतरवत होत्या. त्या शाळेत असताना डब्याने साठवलेलं संध्याकाळी लिहीत. आत्या रोज सकाळ-संध्याकाळ साळवींच्या ओट्यावर येऊन बसे, पडद्यावरचा शब्द वाचून घेई आणि मगच किल्ली फिरवायला जाई. पंधरा दिवसांत नळीत एकदाही हवा धरली नाही. आत्याचा गुडघा उतरला.

फक्त एक गोष्ट साळवींना खात होती. सतरा तारखेला, शुक्रवारी, सकाळी साडेदहाला टाकी भरलेली आणि अकराला अर्धी. चोवीसला, पुन्हा शुक्रवारी, तसंच. व्हॉल्व्ह बंद, किल्ली आत्याच्या कनवटीला. यंत्रच चुकतंय, असं साळवींना वाटलं. गोळा अडकत असेल. त्यांनी त्या दोन नोंदींशी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आणि कोणाला सांगितलं नाही. शर्मिलाबाईंनी ते प्रश्नचिन्ह पाहिलं, खोडरबराने पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘जे आलं ते लिहायचं. पोरांना मी हेच शिकवते.’’

एक मे उजाडला तोही शुक्रवार. झेंडावंदन झालं आणि साडेदहाला शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा बसली. गाव झाडून आलं होतं. साळवींनी टेबलावर डबा ठेवला, मास्तरांच्या खुर्चीमागच्या प्लगला लावला आणि शेजारी वही ठेवली. पडद्यावर शब्द होता: भरली.

प्रवीण उभे राहिले. ‘‘मी टीका करत नाही,’’ ते म्हणाले, आणि टीका केली. ‘‘पण गेले पंधरा दिवस टाकीवर दिवा कोणी पाहिला आहे का? हात वर करा.’’ एकही हात वर आला नाही. वाडीतल्यांनीही माना खाली घातल्या. ‘‘यंत्र बंद आहे आणि साळवी अंदाजाने शब्द लिहितात. बनुबाईंनी आता किल्ली द्यावी.’’

मागच्या बाकावरून कोणीतरी मोबाईल पुढे सरकवला. त्यात तो फोटो होता. बाकाबाकावरून तो फिरत पुढे आला, हसू पसरत आलं, आणि शेवटी मोबाईल साळवींच्याच हातात येऊन थांबला. साळवींनी फोटो नीट पाहिला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी तो पूर्ण पाहिला. मग त्यांनी मोबाईल सगळ्यांना दिसेल असा हात उंच करून धरला.

‘‘हा मी,’’ ते म्हणाले. ‘‘झोपलेला. आणि वरचं यंत्रही झोपलेलंच आहे. अर्ध्या तासाने उठतं, जे आहे तेवढंच बोलतं, आणि परत झोपतं. दिवा लावून मी आहे, मी आहे करत नाही. आपल्यात अशी किती माणसं आहेत ते हात वर करून सांगा.’’

भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं त्यांना सुचेना. अकरा वाजले होते. टेबलावरचा डबा टिक् झाला. पडद्यावर शब्द बदलला: अर्धी.

शर्मिलाबाईंनी तो वाचून दाखवला, वहीत लिहिला, आणि मागची पानं उलटून मोठ्याने वाचलं, ‘‘सतरा एप्रिल, शुक्रवार, असंच. चोवीस एप्रिल, शुक्रवार, असंच.’’

‘‘म्हणजे यंत्र बिघडलंय,’’ प्रवीण घाईने म्हणाले.

साळवींनी वहीतल्या त्या नोंदींवर बोट ठेवलं. पंधरा दिवस आपण आपल्याच यंत्राला खोटं ठरवत होतो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ‘‘आत्या,’’ ते म्हणाले, ‘‘किल्ली कुठे आहे?’’

बनुआत्याने कनवटीची किल्ली काढून वर धरली. ‘‘ही काय. व्हॉल्व बंद हाय, मी सकाळी बघून आलेय. आनि टाकी उतरतेय.’’ ती प्रवीणकडे वळली. ‘‘शुक्रवारी तुमच्याकडं पावनं येतात ना रे, मुंबयचं? त्यांना पवायला लागतं.’’

मग मोरू उठला, त्याच्यामागे प्रयागबाई, आणि बघता बघता सगळा वर्ग रिकामा होऊन पायऱ्यांकडे निघाला. भाऊसाहेबांनाही जावं लागलं, पंचनाम्याला. प्रवीण कोपऱ्यात उभे राहून कोणाला तरी दबक्या आवाजात ‘‘बंद कर, बंद कर’’ सांगत होते, पण वर्ग रिकामा झाल्यामुळे ते स्वच्छ ऐकू येत होतं. पुढे टाकीखालच्या नळीला पालापाचोळ्याखाली जोडलेली काळी नळी सापडली, आणि तिच्या मागोमाग गाव डोंगरापलीकडे त्या निळ्या हौदापर्यंत चालत गेलं, तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता. आजवर हे कळलं नाही, कारण आत्या बघायची ती सकाळी आणि संध्याकाळी, आणि उन्हाळ्यात झरा आटतो असं सगळेच धरून चालले होते. किल्ली पंचायतीकडे गेली असती तर वर चढणारे डोळेही प्रवीणचेच झाले असते.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी प्रवीणही बाहेर सटकले आणि वर्गात तिघंच उरली.

‘‘आत्या, तुला नाही जायचं बघायला?’’ साळवींनी विचारलं.

‘‘मी कशाला चढू?’’ आत्याने किल्ली परत कनवटीला लावली आणि पाय लांब केले. ‘‘मला हितनं दिसतंय.’’

साडेअकराला डबा पुन्हा टिक् झाला. अर्धी. टाकी जिथे होती तिथेच थांबली होती. शर्मिलाबाईंनी नोंद केली. साळवींनी मास्तरांची खुर्ची भिंतीला टेकवली, मान मागे टाकली आणि डोळे मिटण्याआधी आपला मोबाईल शर्मिलाबाईंच्या हातात दिला.

‘‘काढ,’’ ते म्हणाले, ‘‘आणि टाक ग्रुपवर.’’